तुमचे प्रश्न : कात्री एकच, आजार दोन

या वेळच्या टपालात (टपाल म्हणायचं, येतं सगळं व्हॉट्सॲपवरच) बोटॉक्स, साप, धनुर्वात, फिट्स, रात्रपाळीचा चहा असे अगदी कशाचा कशाला मेळ नसलेले प्रश्न आलेत. पण ओळीने वाचत गेले तर बहुतेकांनी नकळत एकाच जागेबद्दल विचारलंय, नसेच्या टोकाला जिथे सिग्नल पुढच्या पेशीकडे सोपवला जातो ती जागा, सिनॅप्स. म्हणून सगळे एकत्र घेतलेत आणि बाकीचे बीपी-शुगरवाले प्रश्न पुढच्या अंकात, कुणी रागवू नका. नावं छापत नाहीये, एरिया तेवढा ठेवलाय.

मॅडम, मी बारावी सायन्सला आहे, नीटची तयारी चालू आहे. पुस्तकात एका ओळीत संपवलंय की कॅल्शियम आत आलं की व्हेसिकल मेम्ब्रेनमध्ये मिसळतात आणि न्यूरोट्रान्समीटर बाहेर पडतो. पण कॅल्शियम नेमकं करतं काय? क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले एवढंच लक्षात ठेव, पुढचं परीक्षेला नाही. (ऐरोली)

सरांचं परीक्षेपुरतं बरोबरच आहे रे, पण तुझा प्रश्न त्या ओळीपेक्षा चांगला आहे म्हणून जरा लांबण लावते.

आधी जागा बघ. एका चेतापेशीचं टोक आणि पुढच्या पेशीचा पडदा यांच्यात साधारण २० नॅनोमीटरची फट असते. विजेचा सिग्नल बहुतेक ठिकाणी ती फट ओलांडू शकत नाही, म्हणून टोकाशी रसायन भरलेल्या पिशव्या तयार असतात, त्याच तुझ्या व्हेसिकल, व्यास साधारण ४० नॅनोमीटर आणि एकेका पिशवीत रसायनाचे काही हजार रेणू. पिशवी पेशीच्या पडद्यात मिसळली की माल फटीत सांडतो. इथपर्यंत तुझं पुस्तक.

आता गोची अशी की पिशवीचा पडदा आणि पेशीचा पडदा, दोन्ही चरबीच्या रेणूंचे, आणि असे दोन पडदे आपण होऊन एकमेकांत मिसळत नाहीत, अगदी जवळ आणले तरी एकमेकांना लांब ढकलतात. त्यांना जोर लावून भिडवावं लागतं आणि तो जोर लावतात तीन प्रोटीन. पिशवीवर असतं सिनॅप्टोब्रेव्हिन, पेशीच्या पडद्याला आतून चिकटलेली असतात सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. तिघांना मिळून स्नेअर म्हणतात. यांचे लांबट दोरे एकमेकांभोवती पीळ घालतात, एकूण चार पदर, कारण स्नॅप-२५ एकटंच दोन पदर देतं. पीळ लांबच्या टोकाकडून सुरू होतो आणि पडद्याच्या बाजूला घट्ट होत येतो, त्यामुळे पिशवी अक्षरशः ओढली जाते पडद्याकडे. १९९८ साली या चौपदरी पिळाची क्रिस्टल रचना हाती आली आणि मग ही नुसती कल्पना राहिली नाही, कुठला अणू कुठे आहे ते दिसलं.

पण बघ, यात अजून कॅल्शियम आलंच नाही. आणि हाच मुद्दा आहे. कॅल्शियम आत शिरल्यापासून माल बाहेर पडेपर्यंत एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही, एवढ्या वेळात तीन प्रोटीन एकमेकांना शोधणार कधी, पिळणार कधी आणि पडदे भिडवणार कधी? म्हणजे बरंचसं काम सिग्नल यायच्या आधीच उरकलेलं असणार. तू लोकलने ठाण्याला येत असशील तर माहितीये ना, ठाणं जवळ आलं की उतरणारे दारात येऊन उभे राहतात, गाडी थांबायची फक्त वाट, थांबली की पहिल्या सेकंदात पन्नास माणसं फलाटावर. पिशव्यांचंही तसंच, त्यातल्या काही आधीच दारात येऊन, पीळ अर्धवट घालून उभ्या असतात. त्यांना त्या अवस्थेला आणायला मंक-१३ आणि मंक-१८ ही दोन प्रोटीन लागतात. मंक-१८ किती महत्त्वाचं? २००० साली ज्या उंदरांमधून त्याचं जीन काढून टाकलं त्यांचा मेंदू जन्मापर्यंत नीट घडला, सिनॅप्ससुद्धा जागच्या जागी, पण एकाही सिनॅप्समधून एक थेंब रसायन बाहेर नाही. ती पिल्लं जन्मली आणि श्वास न घेता गेली.

अर्धवट पिळलेली पिशवी वेळेआधीच फुटू नये म्हणून तिला धरूनही ठेवावं लागतं. इथे कॉम्प्लेक्सिन नावाचं छोटं प्रोटीन येतं, ते पिळाला बाजूने चिकटून बसतं. ते नुसतं अडवतं की अडवता अडवता तयारीही करून देतं यावर अजून भांडणं चालू आहेत आणि दोन्ही बाजूंचे प्रयोग चांगले आहेत.

आणि आता तुझं कॅल्शियम. शांत असलेल्या टोकाच्या आत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा दहा हजारपटीहून कमी असतं. सिग्नल आला की कॅल्शियमचे चॅनेल (पडद्यातली दारंच ती) उघडतात आणि त्यांच्या अगदी तोंडाशी, पिशवी जिथे उभी आहे तिथेच, कॅल्शियम एकदम चढतं. ते पकडतं सिनॅप्टोटॅग्मिन, हे पिशवीवरच बसलेलं असतं आणि त्याच्या दोन हातांवर मिळून पाच कॅल्शियम बसू शकतात. ते बसले की हे प्रोटीन पेशीच्या पडद्यात टोक खुपसतं, स्नेअरच्या पिळालाही धरतं, आणि अडवलेला पीळ पुरा होतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, कॅल्शियम पिशवीला ढकलत नाही, ते एका प्रोटीनला सांगतं आणि ते प्रोटीन खटका ओढतं.

एक आकडा मात्र वहीत लिहून ठेव. १९६७ साली डॉज आणि रहमीमॉफ यांनी बेडकाच्या स्नायूवर मोजलं तेव्हा बाहेरचं कॅल्शियम निम्मं केल्यावर सुटणारा माल निम्मा होत नव्हता, पार सोळाव्या भागाच्या आसपास येत होता. म्हणजे एकाच वेळी साधारण चार कॅल्शियम लागतात तेव्हा खटका पडतो, हे सिनॅप्टोटॅग्मिनचं नावही माहीत नव्हतं तेव्हा समजलं होतं. पुढे १९९४ मध्ये सिनॅप्टोटॅग्मिन-१ नसलेले उंदीर केले तर त्यांच्यात झटक्यात सुटणारा माल बंद झाला आणि मागून रेंगाळत सुटणारा तसाच राहिला. मला वैयक्तिकरीत्या या सगळ्या विषयातला हा सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो.

माल सुटल्यावर पिळलेले दोरे सोडवायलाही लागतात, नाहीतर पुढच्या वेळी वापरणार काय. ते काम एनएसएफ नावाचं प्रोटीन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून करतं. गंमत म्हणजे एनर्जी खर्च होते ती इथे, पीळ सोडवताना. आता अभ्यासाला लाग.

ताई, माझ्या सासूबाईंचे डोळे आपोआप घट्ट मिटतात, रस्ता क्रॉस करताना तर उघडतच नाहीत. डॉक्टरांनी बोटॉक्सची इंजेक्शनं सांगितलीत आणि दर तीन-चार महिन्यांनी घ्यावी लागतील म्हणाले. आमच्याकडे एक नातेवाईक म्हणतात ते विष आहे, सिनेमावाल्या बायका सुरकुत्यांसाठी घेतात, आणि परत परत घ्यायचं म्हणजे डॉक्टरांचा धंदा. काय करावं? (नौपाडा, ठाणे)

नातेवाईकांचं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. विषच आहे, आणि साधंसुधं नाही, माहीत असलेल्या विषांमधलं सगळ्यात जहाल. १८२० च्या सुमाराला जर्मनीत युस्टिनस कर्नर नावाच्या डॉक्टरने खराब सॉसेज खाऊन लुळे पडलेल्या लोकांचा अभ्यास केला आणि त्याच वेळी लिहून ठेवलं की हे विष अगदी थोडं वापरलं तर औषध म्हणून चालेल. हे विष बनवणारा बोट्युलिनम नावाचा जिवाणू सापडला बेल्जियममध्ये, १८९५ साली एका अंत्यविधीला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं हॅम खाल्लं आणि तिघं गेले तेव्हा.

दुसरं वाक्य उलटं आहे. अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली १९८९ साली आणि ती तिरळेपणासाठी आणि नेमक्या तुमच्या सासूबाईंच्या आजारासाठी, ब्लेफरोस्पाझमसाठी. कपाळावरच्या आठ्यांचा नंबर लागला २००२ मध्ये. म्हणजे सिनेमावाल्या बायका तुमच्या सासूबाईंच्या मागून तेरा वर्षांनी रांगेत आल्यात, सांगा त्यांना.

आता ते करतं काय. वरती ऐरोलीच्या मुलाला सांगितलेली तीन प्रोटीन आहेत ना, त्यातलं स्नॅप-२५ हे २०६ अमिनो ॲसिडचं (प्रोटीनच्या माळेतले मणी म्हणा) आहे. बोटॉक्समधलं विष, ए टाइप, नसेच्या टोकात शिरतं आणि त्यातली शेवटची ९ कापून टाकतं. बस, एवढंच. प्रोटीन जागेवरच असतं, पण पीळ नीट पडत नाही, पिशवी दारात उभी राहते आणि ॲसिटिलकोलीन, म्हणजे स्नायूला आवळ म्हणून सांगणारं रसायन, स्नायूपर्यंत पोचत नाही. स्नायू मेलेला नसतो, नसही मेलेली नसते, फक्त निरोप पोचत नाही. सासूबाईंच्या बाबतीत पापण्या मिटणाऱ्या स्नायूला नको इतके निरोप जातायत, त्यातले थोडे अडवायचे, हा सगळा खेळ.

परत परत का, तर ही कात्री काही महिने पेशीच्या आत टिकते आणि पेशी नवीन स्नॅप-२५ बनवत असली तरी ते कापत राहते. दरम्यान नस बाजूने बारीक फुटवे काढून स्नायूशी तात्पुरती जोडणी करते, मग कात्री बोथट झाली, मूळ टोक सुधारलं की फुटवे आटतात. हे सगळं तीन-चार महिन्यांत होतं. म्हणजे शरीर स्वतःची दुरुस्ती करतं म्हणून परत घ्यावं लागतं, यात कुणाचा धंदा नाही. उलट जो डॉक्टर महिन्या-दीड महिन्यातच परत टोचू म्हणेल त्याच्याकडे जरा संशयाने बघा, कारण फार लवकर लवकर घेतलं तर शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं आणि मग औषध लागूच पडत नाही.

दोन गोष्टी डॉक्टरांना आधी सांगा. जेंटामायसिन किंवा ॲमिकासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील तर, कारण ती स्वतःच नसेच्या टोकाशी कॅल्शियम अडवतात आणि दोन्हींचा परिणाम एकत्र वाढतो. आणि मायस्थेनिया (स्नायू पटकन थकतात तो आजार) असेल तर. असर दिसायला तीनेक दिवस ते आठवडा लागतो, दुसऱ्या दिवशी काही फरक नाही म्हणून फोन करत बसू नका. वरची पापणी थोडी उतरली किंवा डोळे कोरडे पडले तर ते काही आठवड्यांत जातं, पण गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

माझा मुलगा रबाळे एमआयडीसीत कामाला आहे, पायात गंजका खिळा गेला. टीटी घेतलं. पण दर वेळी खरचटलं की टीटी घ्यायचं का? आणि धनुर्वातात माणूस एवढा ताठ का होतो? (कळवा)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो मला जास्त आवडला, आणि नौपाड्याच्या ताईंनीही हे वाचावं.

धनुर्वाताचं विष आणि बोटॉक्सचं विष सख्खी भावंडं आहेत, दोन्ही एकाच खानदानातल्या जिवाणूंची. १९९२ साली इटलीत पादुआच्या एका गटाने दाखवलं की धनुर्वाताचं विष सिनॅप्टोब्रेव्हिन कापतं, आणि बोट्युलिनमचा बी टाइपही तेच प्रोटीन कापतो. नुसतं तेच प्रोटीन नाही, तीच जागा. ७६ व्या आणि ७७ व्या अमिनो ॲसिडच्या मधला जोड, तोच, दोघांचाही. टेबलावर टेस्ट ट्यूबमध्ये ठेवली तर दोन्ही कात्र्यांचं काम ओळखता येणार नाही. आणि माणसात एकाने पेशंट लुळा पडतो, पापण्या उतरतात, मान टाकतो, तर दुसऱ्याने जबडा आवळला जातो आणि पाठीची कमान होते.

फरक आहे तो कात्री कुठे पोचते त्याचा. बोट्युलिनम नसेच्या टोकाशीच थांबतं, स्नायूच्या दारात, आणि तिथला निरोप बंद करतं. धनुर्वाताचं विष त्याच टोकातून आत शिरतं पण तिथे काम करत नाही, ते नसेतून उलटा प्रवास करत वर मज्जारज्जूपर्यंत जातं आणि तिथे शेजारच्या पेशीत उडी मारतं. ही शेजारची पेशी कोण, तर स्नायूला "आता पुरे, सोड" असं सांगणारी. ग्लायसिन आणि गाबा ही तिची रसायनं. तिच्या पिशव्या अडल्या की ब्रेक गेला. मग दाराचा आवाज, उजेड, कुणी हात लावला, कशानेही सगळे स्नायू एकदम आवळतात, पुढचे-मागचे एकाच वेळी, आणि पाठीचे जास्त ताकदवान म्हणून कमान मागे. पेशंटला अंधाऱ्या शांत खोलीत ठेवतात ते यासाठी.

मला विचाराल तर सिनॅप्स समजून घ्यायला यापेक्षा चांगला धडा नाही. कुठलं प्रोटीन बिघडलं हे कळून अर्धंच कळतं, ते कुठल्या पेशीत बिघडलं ते विचारलंच पाहिजे. आमच्याकडे विद्यार्थी प्रोटीनची यादी घडाघडा म्हणतात आणि हे विचारलं की खाली बघतात.

आता टीटी. गंजाचा काही दोष नाही, दोष मातीतल्या आणि शेणातल्या बीजाणूंचा, आणि खोल जखमेत हवा पोचत नाही म्हणून ते तिथे वाढतात. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर दर दहा वर्षांनी एक बूस्टर पुरतो, जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटून गेली असतील तरच मध्ये घ्यायचा. दर खरचटण्याला अजिबात नाही. आता बहुतेक ठिकाणी टीटीच्या ऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते, ती दिली तर भांडू नका. मुलाला डोसाची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवायला सांगा, कारण दवाखान्यात "शेवटचं कधी घेतलं?" विचारलं की आपल्याकडे सगळे छताकडे बघतात. आणि एक विचित्र गोष्ट, धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही लस द्यावीच लागते. आजार घडवायला विष इतकं थोडं पुरतं की शरीराला त्याची ओळखसुद्धा होत नाही.

आमच्या पाड्यावर एकाला झोपेत मण्यार चावली. सापावरचं इंजेक्शन लगेच मिळालं तरी तो कितीतरी दिवस व्हेंटिलेटरवर होता. मग इंजेक्शन खोटं होतं का? गेल्या वर्षी एकाला नाग चावला तो दुसऱ्या दिवशी उठून बसला होता. (येऊर, ठाणे)

इंजेक्शन खोटं नव्हतं. आपल्याकडचं अँटिव्हेनम एकच असतं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून. फरक सापांच्या विषात आहे, आणि परत तोच प्रश्न, काम कुठे करतं.

नागाच्या विषातला नसांवर काम करणारा भाग फटीच्या पलीकडे बसतो, स्नायूवर जिथे ॲसिटिलकोलीन घेतलं जातं त्या जागा अडवून. नसेचं टोक मात्र व्यवस्थित माल सोडत असतं. म्हणून डॉक्टर निओस्टिग्मिन देतात, त्याने फटीतलं ॲसिटिलकोलीन मोडायचं थांबतं, ते साचतं आणि विषाला धक्का मारून जागा मिळवतं. मण्यारीच्या विषातला एक महत्त्वाचा घटक अलीकडे काम करतो, नसेच्या टोकाचा पडदाच खराब करतो. सुरुवातीला पिशव्या भसाभसा रिकाम्या होतात, मग सोडायला काही उरत नाही आणि टोक झडतं. तिथे निओस्टिग्मिन काय साचवणार, मालच नाही. अँटिव्हेनम रक्तात फिरणारं विष पकडतं, झडलेलं टोक परत उगवून देत नाही, ते नसेला स्वतः उगवावं लागतं आणि तोपर्यंत श्वास मशीनने द्यायचा. तुमच्या गाववाल्याला मशीनने वाचवलं असं म्हणा हवं तर, पण इंजेक्शन लवकर मिळालं नसतं तर अजून टोकं गेली असती.

येऊरच्या लोकांना साप शिकवायची गरज नाही, तरी एक सांगते. मण्यारीचा चावा कित्येकदा दुखतही नाही, सूज नाही, दाताची खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो आणि नंतर त्याच्या पापण्या जड होतात, लोकांना वाटतं झोप पुरी झाली नाही. पावसाळ्यात असं कुणाचं झालं, बोलणं घोगरं झालं, की वाट बघू नका. दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, हात-पाय हलू देऊ नका आणि जिथे व्हेंटिलेटर आहे अशाच मोठ्या रुग्णालयात न्या. रात्री खाट नसेल तर निदान मच्छरदाणी, तीही गादीखाली नीट खोचलेली.

महापेला नाइट शिफ्ट असते. रात्री दोनला चहा घेतला की तरतरी येते पण सकाळी घरी जाऊन झोप येत नाही. चहा मेंदूत जाऊन करतो काय? (कोपरखैरणे)

जागं राहिल्यावर मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं, ते नसांच्या टोकाशी कॅल्शियमचे चॅनेल जरा आवळतं आणि माल कमी सुटतो, हे झोप येण्याच्या कारणांपैकी एक. चहातलं कॅफीन ॲडेनोसिनची जागा पटकावून बसतं, तर आवळणं थांबतं. ॲडेनोसिन कुठे गेलेलं नसतं बरं का, ते साचतच असतं. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाचेक तास लागतात, म्हणजे दोनच्या चहाचं निम्मं सकाळी सातला तुमच्या बरोबर रिक्षात बसून घरी येतं. शिफ्टच्या सुरुवातीला घ्या, दोननंतर नको.

मी निवृत्त शिक्षक. ऑटो लोवी यांना नसा रसायन सोडतात हा प्रयोग स्वप्नात सुचला असं वर्गात सांगत आलो. खरं आहे का? (कोपरी, ठाणे पूर्व)

सर, नमस्कार. लोवी स्वतःच तसं सांगायचे, त्यामुळे सांगत राहा. मध्यरात्री जाग आली, चिठोऱ्यावर काहीतरी खरडलं, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, पुढच्या रात्री परत तेच सुचलं तेव्हा थेट प्रयोगशाळेत गेले, ऑस्ट्रियात ग्राझला. दोन बेडकांची हृदयं, पहिल्याची व्हॅगस नस चाळवली, ठोके मंदावले, त्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्याला दिलं, तेही मंदावलं. दुसऱ्याला नस चाळवलीच नव्हती, म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं. १९२१ मध्ये हे छापून आलं, १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल, आणि १९३८ मध्ये नाझींनी त्यांना पकडलं, नोबेलचे पैसे ताब्यात द्यायला लावले तेव्हा देश सोडता आला.

वर्गात सांगायला पुढचा भाग मला जास्त रंजक वाटतो. बर्नार्ड कात्झ, हेही हिटलरमुळेच १९३५ साली लाइपझिग सोडून लंडनला आलेले. त्यांनी आणि पॉल फॅट यांनी १९५२ मध्ये लिहिलं की स्नायू शांत असतानाही त्यात मधूनच बारीक बारीक फडफड दिसते, आणि ती साधारण ठराविक मापाची. मग लक्षात आलं की मोठा सिग्नल म्हणजे याच मापाच्या कितीतरी फडफडी एकदम. म्हणजे रसायन सुटं सांडत नाही, पुड्या बांधून येतं. पिशव्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसल्या त्या याच सुमाराला. कात्झना १९७० मध्ये नोबेल मिळालं. पुडी फुटते कशी हे शोधायला पुढची कित्येक वर्षं गेली आणि त्यासाठीचं नोबेल २०१३ मध्ये तिघांना मिळालं, शेकमन यांनी यीस्टमध्ये जीन शोधले, रॉथमन यांनी स्नेअरची जोडणी दाखवली, आणि सिनॅप्समधलं कॅल्शियमचं कोडं सुडहॉफ यांनी सोडवलं. सुडहॉफ यांना फोन आला तेव्हा ते स्पेनमध्ये गाडी चालवत होते.

ताई, मुलगा दहावीत आहे. मेंदूचं टॉनिक आणि प्रोटीन पावडर दिली तर ही सिनॅप्सची प्रोटीन वाढतील का? (नेरूळ)

नाही. पावडरीतलं प्रोटीन पोटात मोडून अमिनो ॲसिड होतात, जशी वरण-भातातल्या प्रोटीनची होतात, स्नेअर पेशीच बनवते आणि तिला लागेल तेवढीच. मुलाला झोपू द्या नीट.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला फिट्ससाठी लेव्हेटिरासिटाम चालू आहे. फिट्स थांबल्यात पण चिडचिड फार वाढलीये. हे औषध मेंदूत काय करतं? थोडे दिवस बंद करून बघू का? (वाशी)

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, बंद करू नका. एकदम थांबवलं तर फिट्स जोरात परत येऊ शकतात, कधी न थांबणाऱ्या.

फिटच्या बऱ्याच जुन्या गोळ्या नसेच्या तारेवर काम करतात, सोडियमचे चॅनेल वगैरे. ही गोळी वेगळी आहे, ही पिशवीवरच्या एसव्ही-२ए नावाच्या प्रोटीनला जाऊन चिकटते, हे २००४ मध्ये सापडलं आणि गोळी त्याच्या आधीपासून बाजारात होती. एसव्ही-२ (२ए हा त्याचाच एक प्रकार) हे तेच प्रोटीन ज्याला धरून बोटॉक्सचं विष नसेत शिरतं. एसव्ही-२ए नेमकं काय करतं हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही, पण पिशव्या सुटायला तयार होण्याशी त्याचा संबंध आहे आणि नसा भराभर पेटलेल्या असताना सुटणारा माल या गोळीने कमी होतो असं दिसतं.

चिडचिड हा या गोळीचा माहितीतला परिणाम आहे, मुलगी हट्टी झाली किंवा तुमचं वळण चुकलं असं नाही, तिच्यावर आणि स्वतःवर राग काढू नका. कधीपासून सुरू झाली, गोळी घेतल्यावर किती वेळाने जास्त होते, शाळेत होते की घरीच, आठ-दहा दिवस लिहून काढा आणि तो कागद घेऊन न्यूरॉलॉजिस्टना भेटा, पुढची अपॉइंटमेंट महिन्याने असेल तर फोन करून आधीची मागून घ्या. डोस कमी करता येतो, दुसऱ्या गोळीवर हळूहळू नेता येतं, काही डॉक्टर व्हिटॅमिन बी-६ देऊन बघतात, ते मात्र दुकानातून आपल्या मनाने आणू नका. आणि मुलगी स्वतःला इजा करण्याचं काही बोलली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा.